शेत लहान कसं होतं?

पुण्याजवळ पवना नदीच्या काठी पिंपळे सौदागर नावाचं गाव आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजात हॅरोल्ड मॅन नावाचे साहेब प्रिन्सिपॉल होते. त्यांनी या गावच्या जमिनीचा हिशेब मांडला आणि १९१७ साली पुस्तक काढलं. १७७१ साली, म्हणजे पेशवाईत, इथल्या एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ७ एकर उरली होती.

मग जमीन गेली कुठं? कुठंच नाही. खाणारी तोंडं वाढली. बापाचे ४० एकर चार मुलांत वाटले की एकेकाला १० येतात. त्यांच्या चार-चार मुलांत वाटले की अडीच. बरं, वाटणी तरी सरळ असते का? काळ्या रानात प्रत्येकाला हिस्सा हवा, माळावर हवा, विहिरीजवळही हवा. म्हणून अडीच एकरांचेही तीन ठिकाणी तीन तुकडे होतात. तुकडे वाढले की बांध वाढतात, आणि बांध कोरला म्हणून भाऊ भावाला कोर्टात ओढतो.

१९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. पण पुष्कळ गावांत सातबारा सामाईक राहिला आणि रानात वहिवाट वेगळी झाली.

अडीच एकरांत बैलजोडी पोसत नाही. तिच्या कडब्यालाच रान पुरत नाही. बैल गेले की शेणखत गेलं. तिफण, कुळव अडगळीत पडले. पूर्वी इर्जिक असे. दहा घरचे बैल एका दिवशी एकाच्या रानात चालायचे. त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं. बैलच नाहीत, तर इर्जिक कुणी करायची? माझ्या मते वाटणी टळणार नाही; पण हिस्से वेगळे ठेवून भावांना एकत्र कसता येतं. हे मात्र कुणी करत नाही!

साऱ्या महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खात्याला सरासरी साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ साली ती सुमारे सव्वातीन एकर झाली. एवढ्यात भागत नाही, मग विकावी लागते. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरात आहे. तिथं रानात उंच इमारती उभ्या आहेत.

प्रत्येक रानाला नाव असतं. कुठं चिंचेचं, कुठं वडाचा मळा, कुठं विहिरीची पट्टी. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' म्हणून एक जागा असते. आता तुम्हांला वाचता येतं. आपला उतारा काढा. आधी सगळ्या वारसांची नावं आहेत का ते बघा, बहिणींचीसुद्धा. मग ती जागा बघा. कोरी असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रानाचं नाव विचारा आणि वहीत लिहून ठेवा.