पॉलियुरेथेन सस्पेन्शन बुश

पॉलियुरेथेन सस्पेन्शन बुश हा मोटारगाडीच्या सस्पेन्शनमधील सांध्यांत रबरी बुशाच्या जागी बसविण्यात येणारा, पॉलियुरेथेन या बहुवारिकापासून बनविलेला दंडगोलाकार भाग आहे. गाडीच्या सांगाड्याला चाकांशी जोडणाऱ्या भुजा या बुशांभोवती वरखाली हलतात. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींचे मूळ रबर कालांतराने कडक होऊन चिरते. अशा वेळी अनेक मालक नव्या रबरी बुशांऐवजी पॉलियुरेथेनचे बुश निवडतात. हे बुश रबरापेक्षा वेगळ्या तत्त्वावर काम करत असल्यामुळे त्यांना योग्य वंगणाची आवश्यकता असते. वंगणाकडे दुर्लक्ष झाल्यास करकर आवाज, सांधा अडखळणे आणि अवेळी झीज हे दोष उद्भवतात.

रबरी बुशाची रचना व कार्य

पारंपरिक रबरी बुशात पोलादाच्या दोन समाक्ष नळ्या असून त्यांमधील रबर बहुधा दोन्ही नळ्यांना चिकटविलेले असते. बाहेरची नळी भुजेत दाबून बसविलेली असते, तर आतली नळी बोल्टाने सांगाड्याला घट्ट आवळलेली असते. भुजा हलते तेव्हा कोणताही पृष्ठभाग दुसऱ्यावर घसरत नाही. केवळ मधल्या रबराला पीळ बसतो व तो सुटतो. म्हणून या बुशाला वंगण लागत नाही. खनिज तेलापासून बनविलेले ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवून मऊ करते, त्यामुळे ते या बुशाला अपायकारकच ठरते.

याच रचनेमुळे रबरी बुशाचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, म्हणजे सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर असताना, अखेरचा आवळावा लागतो. गाडी उचललेली असताना बोल्ट आवळल्यास ती खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते.

जीर्ण झालेल्या बुशाचे परिणाम

ऊष्णता, ओझोन, तेलाची गळती आणि वय यांमुळे रबराची लवचिकता घटते. चिरलेला बुश भुजेला जागेवर धरून ठेवू शकत नाही. त्यामुळे ब्रेक दाबताना वा वळण घेताना चाकाचा कोन क्षणोक्षणी बदलतो. सुकाणू सैल वाटणे, गाडी एका बाजूस ओढली जाणे, टायरांची असमान झीज आणि खड्ड्यांत खडखडाट ही त्याची लक्षणे होत. चाकांची जुळणी गाडी उभी असताना अचूक केली तरी ती धावताना टिकत नाही. म्हणून जीर्ण बुश तसेच ठेवून केवळ जुळणी करून घेणे निरुपयोगी ठरते.

पॉलियुरेथेनचे गुणधर्म

पॉलियुरेथेनचा शोध जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लावला. बुशांसाठी वापरण्यात येणारे पॉलियुरेथेन ओतीव व लवचीक प्रकारचे असते. शोअर ए या मापनश्रेणीवर त्याचा कठीणपणा साधारणपणे ७० ते ९५ असतो. मूळ रबरी बुश सामान्यतः याहून बरेच मऊ असतात.

पॉलिएस्टरवर आधारित आणि पॉलिईथरवर आधारित असे पॉलियुरेथेनचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला प्रकार तेल व ओरखडे यांना चांगला तोंड देतो, परंतु उष्ण व दमट हवेत पाण्याच्या अभिक्रियेने त्याचे विघटन होऊ शकते. दुसरा प्रकार पाण्यापुढे अधिक टिकाऊ आहे. काही उत्पादनांत घर्षण कमी व्हावे म्हणून ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले असते. बुशांचा रंग कठीणपणाचे सर्वमान्य निदर्शक नाही. प्रत्येक उत्पादकाची रंगपद्धती वेगळी असते.

वंगणाची आवश्यकता

पॉलियुरेथेन बुश सहसा नळीला चिकटविलेला नसतो. भुजा हलते तेव्हा आतली पोलादी नळी स्थिर राहते आणि बुश तिच्याभोवती फिरतो. म्हणजेच हा पिळणारा सांधा नसून घसरणारा सांधा आहे. कोरड्या पृष्ठभागांतील स्थितिक घर्षण गतिज घर्षणापेक्षा अधिक असते. त्यामुळे बुश प्रथम अडतो, मग एकदम सुटतो आणि पुन्हा अडतो. या वेगवान आवर्तनाचा ध्वनी म्हणजेच परिचित करकर. आवाज त्रासदायक असतोच, पण अडणाऱ्या सांध्यामुळे स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांच्या कामात अनियमितता येते, ही बाब अधिक गंभीर आहे.

बहुतेक संचांबरोबर सिलिकोनयुक्त, घट्ट व पाण्याने सहज न धुतले जाणारे ग्रीस मिळते. काहींमध्ये टेफ्लॉनची भुकटी मिसळलेली असते. हे ग्रीस संपल्यास उत्पादकाने सुचविलेलेच वापरणे श्रेयस्कर असते. ग्रीस पुढील पृष्ठभागांवर लावले जाते:

• बुशाचे आतले छिद्र व पोलादी नळीचा बाहेरील पृष्ठभाग.
• बुशाच्या कडांची तोंडे, जी कंसाच्या पत्र्याला घासतात.
• अँटी-रोल बारला कवटाळणाऱ्या बुशांचा आतील भाग.

नळीच्या आत, बोल्टावर, गंजरोधक लेप देणे हितकारक असते, परंतु बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लागल्यास दिलेल्या बलघूर्णाने तो प्रमाणापेक्षा अधिक ताणला जाऊ शकतो. काही बुशांच्या छिद्रात ग्रीस धरून ठेवणाऱ्या खाचा असतात. भुजेला छिद्र पाडून ग्रीस निपल बसविल्यास सांधा न उघडता ग्रीस गनने वंगण भरता येते, मात्र छिद्रामुळे भुजा दुर्बळ होणार नाही अशी जागा निवडावी लागते. बाहेरून सिलिकोनचा फवारा मारणे हा तात्पुरता उपाय आहे, कारण तो घसरणाऱ्या पृष्ठभागापर्यंत पुरेसा पोहोचत नाही.

उदाहरण: माझ्दा एमएक्स-५

पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची मोटार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील मोटार प्रदर्शनात सादर झाली. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. या पिढीचे उत्पादन १९९७ पर्यंत चालले. तिच्या चारही चाकांना दुहेरी विशबोन सस्पेन्शन आहे आणि प्रत्येक विशबोन तिच्या मुळाशी असलेल्या अक्षाभोवती फिरते. एकाच अक्षाभोवतीची अशी हालचाल पॉलियुरेथेन बुशांना अनुकूल असते. या गाडीत असे बुश लोकप्रिय होण्यामागे हे एक कारण आहे.

खालच्या विशबोनच्या मुळाशी असलेल्या विकेंद्री बोल्टांनी चाकांचे कोन जुळविले जातात. बर्फावर मीठ टाकण्यात येणाऱ्या प्रदेशांत हे बोल्ट आतल्या नळीत गंजून घट्ट बसतात. बुश बदलण्याच्या कामात बऱ्याचदा सर्वाधिक वेळ हे बोल्ट सोडविण्यातच जातो. म्हणून नवे बोल्ट आधीच मागवून ठेवण्याची प्रथा आहे.

बसविण्याची पद्धत

१. विकेंद्री बोल्टांच्या मूळ स्थितीवर खूण करून, गाडी भक्कम आधारांवर टेकवून भुजा काढली जाते. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली काम करणे प्राणघातक ठरू शकते.

२. जुना बुश दाबयंत्राने किंवा बेंच व्हाइस व योग्य मापाच्या नळ्यांच्या साहाय्याने काढला जातो. रबर जाळून काढण्याची पद्धतही आढळते, परंतु तिचा धूर विषारी असतो. काही संचांत जुन्या बुशाचे बाह्य कवच भुजेतच ठेवायचे असते, तर काहींत काढायचे असते. हे आधी तपासणे आवश्यक आहे.

३. भुजेचे छिद्र गंज व कडांवरील खरबरीतपणा काढून स्वच्छ केले जाते. भुजेला रंग द्यायचा असल्यास तो ग्रीस लावण्यापूर्वी द्यावा, कारण सिलिकोन लागलेल्या पृष्ठभागावर रंग धरत नाही.

४. ग्रीस लावून बुशाचे दोन्ही भाग व नंतर नळी दाबून बसविली जाते. नळीची लांबी कडांसह बुशाच्या लांबीएवढी किंवा किंचित अधिक असावी लागते. ती कमी असल्यास बोल्ट आवळताच बुश कंसात चिमटला जातो.

५. स्प्रिंग जोडण्यापूर्वी बोल्ट आवळून भुजा हाताने उचलून सोडली जाते. ती स्वतःच्या भाराने सावकाश खाली आल्यास सांधा मोकळा आहे असे समजतात.

६. शेवटी चाकांची जुळणी अनिवार्य असते.

मर्यादा

कठीण बुशांमुळे रस्त्याचा कंप व आवाज गाडीत अधिक पोहोचतो. ज्या सांध्याला एकाहून अधिक दिशांनी वळावे लागते तेथे पॉलियुरेथेन अडथळा ठरते. १९७९ ते १९९३ या काळातील फोर्ड मस्टँगच्या मागील तिरप्या वरच्या भुजांचे बुश हे याचे ज्ञात उदाहरण आहे. तेथील भूमितीच बुशांच्या मऊपणावर अवलंबून असल्याने कठीण बुशांमुळे मागचा आस मोकळेपणाने कलत नाही आणि वळणावर चाकांची पकड अचानक सुटू शकते. अशा ठिकाणी रबर ठेवणे किंवा गोलीय बेअरिंग बसविणे योग्य ठरते.

नियमित वापरातील व मूळ स्वरूप जपायच्या गाडीसाठी नवे रबरी बुश हा बिनदेखभालीचा पर्याय आजही ग्राह्य मानला जातो. जुन्या, चिरलेल्या रबराशी तुलना करून पॉलियुरेथेनला दिले जाणारे श्रेय काही अंशी केवळ नवेपणाचे असते. नव्या रबरानेही गाडीच्या वर्तनात मोठी सुधारणा होते.

हेही पाहा

• सस्पेन्शन
• शॉक अ‍ॅब्सॉर्बर
• वंगण
• घर्षण
• बहुवारिक