पेशीच्या दारातलं पाणी: कारण की नुसता सोबती?

मे महिन्यात कामठीत पाण्याचं महत्त्व कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. घाम जातो, मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात येतं आणि मूत्रपिंडाच्या पेशींना 'पाणी राखा' असा निरोप देतं. हा निरोप पेशीच्या आत पोचतो कसा, हा आजचा प्रश्न.

संप्रेरक स्वतः आत शिरत नाही. पेशीपटलाच्या आरपार सात वेळा गेलेलं एक प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. संप्रेरक बाहेरून चिकटलं की रिसेप्टरचा आकार बदलतो आणि आतलं जी-प्रथिन जागं होतं. या कुळातले सुमारे ८०० रिसेप्टर माणसात आहेत. त्यांच्यावरील संशोधनासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

२०१४ मध्ये अशा तीन रिसेप्टरांच्या हालचाली संगणकावर तपासल्या गेल्या. डोळ्यातलं ऱ्होडॉप्सिन त्यांतलंच एक. दिसलं असं, की रिसेप्टरच्या पोटात पाण्याला दूर ठेवणाऱ्या घटकांचा एक थर आहे. रिसेप्टर निजलेला असताना हा थर पाण्याची वाट अडवतो. तो जागा होताना टायरोसिन नावाचा घटक वळतो, दार उघडतं आणि पाण्याच्या रेणूंची सलग वाट तयार होते.

इथे माझ्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराला शंका येते. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एक दुसरीचं कारण झाली का? आपले नैयायिक घड्याचं उदाहरण देतात. कुंभाराचा दंड घड्याचं कारण आहे; माती वाहून आणणारं गाढव मात्र 'अन्यथासिद्ध'. माती बैलगाडीने आणली तरी घडा होतोच. मग पाणी म्हणजे दंड की गाढव?

ओळखायचं कसं? ते काढून घ्या आणि बघा. अ‍ॅरिझोना विद्यापीठात मायकेल ब्राउन यांच्या गटाने ऱ्होडॉप्सिनवर हेच केलं. प्रथिनात शिरू न शकणारे मोठे पॉलिमर बाहेर घातले. त्यांनी आतलं पाणी ओढून घेतलं. उजेड पडूनही ऱ्होडॉप्सिन निजलेल्या अवस्थेकडे झुकलं. जागं होताना सुमारे ८० ते १०० रेणू आत येतात, असा त्यांचा हिशेब.

म्हणजे ऱ्होडॉप्सिनपुरतं तरी पाणी गाढव नाही. पण एका भांड्यावरून सगळा आवा पारखू नये. बाकीच्या रिसेप्टरांची परीक्षा एकेक करूनच घ्यावी लागेल.