निचऱ्याचा हिशेब

कऱ्हाडशेजारच्या मलकापुरात २००९ च्या सुमारास घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली, आणि मोजून मिळालेले पाणी मनुष्य जपून वापरतो हे त्या लहानशा गावाने साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिले. ज्या कृष्णा-कोयनेच्या काठी हे घडले, त्याच नद्यांच्या पाण्याचा शेतातील हिशेब मात्र दीडशे वर्षे कोणी मागितला नाही. आणि मलकापुरावरून खाली वाळवे, पलूस, मिरज, शिरोळ असे उतरत जाताना हिरव्या उसाच्या मधोमध जी पांढरी, ओसाड राने दृष्टीस पडतात, त्यांचा इतिहास या न मागितलेल्या हिशेबापासूनच सांगावा लागतो.

कऱ्हाडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा १८६० नंतरच्या दशकातला. त्या काळी कालव्याच्या पट्ट्याबाहेर मोटेवर जेवढे भिजेल तेवढेच बागाईत, बाकी सारे जिराईत. पुढे सहकारी साखर कारखाने निघाले, कोयनेचे धरण उभे राहिले, गावोगाव वीज आली, आणि नदीकाठच्या उपसा संस्थांनी पाणी माळापर्यंत नेले. या पाण्याने कित्येक पिढ्यांचे दारिद्र्य फेडले, हे कोणीही नाकारू नये. परंतु पाणीपट्टी एकरावर बसे, पाण्याच्या मापावर नव्हे. त्यामुळे खातेदाराला पाळी लांबविण्यात लाभ दिसे आणि आवरते घेण्यात काहीच दिसत नसे.

या खोऱ्यातील काळी जमीन खोल, चिकण आणि पाणी धरून ठेवणारी. जास्तीचे पाणी खाली झिरपून वाट न मिळाल्याने साचते, भूजलाची पातळी वर्षागणिक चढते, आणि ती पिकाच्या मुळांशी येऊन ठेपली की उन्हाळ्यात तेच पाणी मातीच्या सूक्ष्म रंध्रांतून वर चढून वाफ होऊन जाते व आपल्यातील क्षार पृष्ठभागावर सोडून देते. प्रथम रानाला वाफसा येईनासा होतो, मग ठिकठिकाणी उगवण तुटते, मग मीठ फुटते. आणि सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसला की जमीन चोपण होते, तिच्यातून पाणी खाली उतरतच नाही.

हे दुखणे अज्ञात नव्हते. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि थोड्याच वर्षांत बारामतीकडील राने खारावली; विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्या कालव्यावर उसाचे क्षेत्र मर्यादित करणारी ब्लॉक पद्धत आणली; कृषिशास्त्रज्ञ मॅन आणि ताम्हाणे यांनी १९१० साली नीरेच्या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली; आणि मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली पुण्यास खास सिंचन विभाग काढला. म्हणजे कृष्णाकाठी उसाचा विस्तार होण्यापूर्वीच निदान दफ्तरात दाखल झालेले होते. तरीही कालव्यांना आणि उपसा योजनांना मंजुरी देताना निचऱ्याची तजवीज त्यांच्याबरोबर झाली नाही, हा माझ्या मते या साऱ्या कालखंडाचा मोठा दोष होय. एकट्या शेतकऱ्याच्या हव्यासावर बोट ठेवणे अन्यायाचे आहे.

उपाय प्रत्यक्षात उतरले ते बऱ्याच उशिरा. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून भूमिगत निचऱ्याचे प्रयोग केले, आणि शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र आणून तेच काम सामुदायिक रीतीने हाती घेतले. येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी निचरा, मग चोपणाला जिप्सम, मग क्षार धुऊन काढणे, मग हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा. निचऱ्यावाचून टाकलेले जिप्सम म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. शिवाय एका रानाचे पाणी दुसऱ्याच्या बांधावरून ओढ्यापर्यंत न्यावे लागते, म्हणून हे काम एकट्यादुकट्याच्या अर्जाने होत नाही. शिवारातील साऱ्या खातेदारांना एकमताने उभे राहावे लागते, आणि बुजलेले व अतिक्रमणाने अरुंद झालेले ओढे प्रथम मोकळे करावे लागतात.

आता कऱ्हाड तालुक्यातल्याच टेंभूहून कृष्णेचे पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या अवर्षणग्रस्त माळांवर नेले जात आहे. त्या शेतकऱ्यांनी पाण्याची फार वाट पाहिली आहे. ते पाणी त्यांना मिळालेच पाहिजे. परंतु ते मापाने द्यावे, शक्य तेथे ठिबकने द्यावे, आणि ज्या गावात पाट पोहोचेल त्या गावाचा ओढा आधी मोजून मोकळा करावा, एवढी विनंती जलसंपदा खात्याला आणि तेथील पाणीवापर संस्थांना आहे.