विमान रद्द झालं तर तिकिटाचे पैसे कसे मिळवायचे? एजंटकडून तिकीट काढणाऱ्यांनी हे वाचाच

पेण/रोहा : नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली आणि पेण-रोह्याच्या माणसाला विमान जवळ आलं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला मात्र इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली होती. ७ डिसेंबरच्या रात्री ८ पर्यंत प्रवाशांचे पैसे परत करा, असा आदेश केंद्र सरकारने दिला आणि तोवर ६१० कोटी रुपयांचा परतावा झाला. म्हणजे पैसे मिळतात, फक्त मागायचे कसे ते माहीत पाहिजे.

कंपनीने उड्डाण रद्द केलं तर दुसरं विमान घ्यायचं की पूर्ण पैसे, हे प्रवाशाने ठरवायचं. 'रक्कम जमा ठेवतो, पुढच्या प्रवासाला वापरा' असं कंपनी म्हणाली तरी ते मान्य करायची सक्ती नाही. एक चूक मात्र टाळा. रद्द झाल्याचा मेसेज आला की घाईत आपणच 'कॅन्सल'चं बटण दाबू नका. आपण रद्द केलं असं धरलं गेलं तर पैसे कापले जाऊ शकतात. पर्यायांत 'रिफंड' निवडा.

गावाकडे बरीच तिकिटं एजंटकडून काढली जातात. घोळ तिथेच होतो. एजंटने स्वतःचा मोबाईल नंबर टाकला, तर मेसेज त्यालाच जातो. पैसे त्याच्या खात्यातून भरले असतील, तर परतही तिथेच येतात. पण नियमाने परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे. म्हणून तिकीट काढतानाच आपला नंबर टाकायला सांगा, पीएनआर आणि पावती घ्या.

पैसे आले नाहीत तर :

१) आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा.
२) सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार नोंदवा.
३) ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.
४) तरीही दाद नाही, तर अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

शेवटचं, कंपनीचा नंबर गुगलवर शोधून फोन लावू नका, तिकिटावरचाच वापरा. खोटे नंबर टाकून लुबाडणारे टपलेले असतात. पैसे परत घ्यायला ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच द्यावा लागत नाही. फसगत झालीच तर लगेच १९३० वर कळवा.