चित्र आणि चित्राखालची ओळ : मोत्सार्ट कुटुंबाच्या एका मुद्राचित्राचा अन्वयार्थ

अठराव्या शतकातील फ्रेंच संगीत-बैठकीच्या मुद्राचित्रांपैकी मोत्सार्ट कुटुंबाचे चित्र बहुधा सर्वांत परिचित असावे. कार्मोंतेलच्या जलरंगचित्रावरून देलाफॉसने ते १७६४ मध्ये पॅरिस येथे तांब्याच्या पत्र्यावर कोरले. संगीतेतिहासाचे साधन म्हणून त्याचा निर्देश वारंवार होतो. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ते वेगळ्या कारणाने महत्त्वाचे वाटावे. या चित्राला एक लिखित संहिता जोडलेली आहे आणि ती चित्राचे वाचन एका ठरावीक दिशेने वळवते.

बालक वोल्फगांग हार्पसिकॉर्डपुढे बसला आहे. त्याचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. मागे उभे असलेले वडील लिओपोल्ड व्हायोलिन वाजवीत आहेत. वाद्यापलीकडे बहीण मारिया आना ऊर्फ नानेर्ल हाती स्वरलिपीचा कागद धरून जणू गात आहे. आई या प्रवासात बरोबर होती, तरी चित्रात तिला स्थान नाही. श्रोताही नाही, ती जागा पाहणाऱ्यासाठी मोकळी ठेवली आहे. पार्श्वभूमीला स्तंभ आणि झाडे आहेत. म्हणजे बैठक घरच्या माणसांची असली तरी स्थळ घरातले नाही, ते रंगमंचासारखे रचलेले आहे.

हे योगायोगाने घडले असे मानणे कठीण आहे. कार्मोंतेल हा ऑर्लेआँच्या ड्यूकच्या पदरी ‘वाचक’ होता आणि नाटककारही होता. एखादी म्हण मनात धरून लहानसा नाट्यप्रवेश सादर करायचा आणि ती म्हण प्रेक्षकांनी ओळखायची, हा त्याच्या ‘प्रोव्हेर्ब’ या नाट्यप्रकाराचा गाभा. मोत्सार्ट कुटुंबाचे चित्रही अशा प्रवेशासारखे वाचता येते. फरक एवढाच की येथे उत्तर चित्राखालीच छापलेले आहे.

त्या ओळीत प्रथम लिओपोल्डचे नाव येते, तेही ‘पिता’ या नात्याने. नानेर्लला अकरा वर्षांची ‘निपुण वादक’ म्हटले आहे. वोल्फगांगला सात वर्षांचा ‘रचनाकार आणि संगीताचार्य’. पाय अधांतरी असलेल्या मुलाला आचार्यपद बहाल करणारी ही ओळ चित्रातील विस्मय दुपटीने वाढवते. वयांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. नानेर्लचा जन्म १७५१ मधील आणि वोल्फगांगचा जानेवारी १७५६ मधील. अर्थात छाप निघाला त्या वर्षी भाऊ आठ वर्षांचा होता आणि बहिणीने बारावे पूर्ण केले होते. १७६५ मध्ये लंडनच्या मुक्कामी हा छाप वोल्फगांगच्या सोनातांबरोबर विक्रीला ठेवलेला होता, हे लक्षात घेतले की ही ओळ जाहिरातीच्या किती जवळची आहे ते कळते.

नानेर्लच्या बाबतीत चित्र आणि ओळ यांची फारकत अधिक बोलकी आहे. ओळ तिला निपुण म्हणते आणि तिची ख्याती होती ती हार्पसिकॉर्डवादनासाठीच. चित्रात मात्र वाद्य भावाकडे गेले आहे आणि तिच्या हाती कागद आला आहे. डिसेंबर १७६९ मध्ये पितापुत्र इटलीच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा अठरा वर्षांची नानेर्ल आईसह साल्झबुर्गलाच राहिली.