दुपारच्या चहाआधी

वरोरच्या किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील टांगता टांगता दुपारी झापड येते, आणि हात चहाकडेच जातो. पण कॅफीन नवी ताकद देत नाही. मेंदूला थकवा कळवणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची जागा ते अडवून बसतं, इतकंच. साधारण पाच तासांनीही त्यातलं निम्मं शरीरात असतं. संध्याकाळचा कप रात्रीची झोप खातो, मग सकाळी पुन्हा चहा!

उन्हात घाम गाळल्यावर आधी पाणी प्यावं. सोबत डहाणू-घोलवडचा चिकू, 2016 पासून भौगोलिक मानांकनाचा मानकरी. 100 ग्रॅममध्ये सुमारे 20 ग्रॅम कर्बोदकं आणि 5 ग्रॅम तंतू. तंतूंमुळे साखर सावकाश रक्तात उतरते. (मधुमेह असेल तर बेतानंच.) जमलं तर वीस मिनिटं डुलकी काढावी, कारण साचलेलं अ‍ॅडेनोसिन ओसरतं ते झोपेतच.