मदतीचं अनुदान आणि तयारीचं अनुदान

आजचा विषय थोडा रूक्ष वाटेल, आकडेही बरेच येतील. पण ज्यांच्या गावाजवळून नदी जाते, ज्यांचं घर डोंगराच्या पायथ्याशी आहे किंवा ज्यांची गावाकडे शेती आहे, त्यांना यातलं बरंचसं तुकड्यातुकड्यांनी माहीत असतं. ते तुकडे आज एकत्र ठेवून बघायचे आहेत.

सुरुवात एका शब्दापासून करू. अनुदान. मराठवाड्यात किंवा विदर्भात पावसाळा सरता सरता चार माणसं जमली की विचारणा होते, "पडलं का अनुदान खात्यावर?" हे अनुदान अतिवृष्टीचं किंवा गारपिटीचं असतं. म्हणजे आपल्या बोलण्यात आपत्तीचं अनुदान याचा अर्थच नुकसान झाल्यावर मिळणारे पैसे असा होऊन बसला आहे. त्याची सगळी रीत आपल्याला पाठ असते. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येणार, पंचनामा होणार, नुकसान 33 टक्क्यांच्या वर दाखवलं तर पुढची गोष्ट. केंद्राच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांनुसार कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500, आणि तेही दोन हेक्टरपर्यंत. आपत्तीत माणूस दगावला तर वारसाला चार लाख. राज्य सरकार कधीकधी यात आपली भर घालतं. हे दर गावातल्या शाळकरी मुलालाही सांगता येतात.

आता दुसरा प्रश्न विचारून बघा. पूर येण्याआधी, दरड कोसळण्याआधी, तयारीसाठी म्हणून आपल्या तालुक्याला किती अनुदान आलं? आम्ही हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी विचारला. लोक आधी हसतात, मग म्हणतात, "असं असतं होय?"

असतं. आणि ते कमी नसतं.

जरा मागे जाऊ. डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली. पुढच्या वर्षी 26 जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या वर्षअखेरीस संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. या कायद्याने केंद्रात आणि राज्यात दोन वेगवेगळ्या प्रकारचे निधी सांगितले: एक प्रतिसाद निधी, म्हणजे आपत्ती आल्यावर खर्च करायचा, दुसरा सौम्यीकरण निधी, म्हणजे आपत्तीचा फटका आधीच कमी व्हावा म्हणून खर्च करायचा. (सौम्यीकरण हा शब्द आम्हालाही फारसा आवडत नाही, पण शासन निर्णयांत तोच आहे, तेव्हा ओळख करून घेतलेली बरी.)

प्रतिसाद निधी 2010 मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय सौम्यीकरण निधी कधी स्थापन झाला? फेब्रुवारी 2021 मध्ये. कायदा झाल्यावर पंधरा वर्षांनी. मध्ये 2016 साली दुष्काळावरच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत हा निधी स्थापन करा असं सांगितलं होतं. तरी इतका वेळ गेला. मदतीचा पैसा थांबला तर ओरड होते. तयारीचा थांबला तर कोणाला कळतही नाही, त्यामुळे कोणी विचारतही नाही.

इथे एक छोटी गंमत. बातम्यांत "एनडीआरएफ आली" असं आपण ऐकतो, ते नारिंगी कपड्यांतलं राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल. पण राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीचं इंग्रजी लघुरूपही तेच, एनडीआरएफ. राज्याच्या पातळीवर एसडीआरएफचंही तसंच. त्यामुळे "राज्याला एनडीआरएफकडून इतके कोटी" असं वाचलं तर दल नाही, निधी समजायचा.

आता पैशाकडे येऊ. हा पैसा ठरवतो वित्त आयोग. दर पाच वर्षांनी हा घटनात्मक आयोग केंद्राच्या पैशातलं राज्यांना काय आणि किती द्यायचं ते सुचवतो. तेराव्या वित्त आयोगाने 2010 ते 2015 साठी सगळ्या राज्यांच्या प्रतिसाद निधीचा आकार ठेवला 33,581 कोटी रुपये, आणि क्षमताबांधणीसाठी वेगळे दिले 525 कोटी. मदतीच्या शंभर रुपयांमागे तयारीला साधारण दीड रुपया.

पंधराव्या वित्त आयोगाने हे चित्र बदललं. 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी राज्यांचे दोन्ही निधी मिळून 1,60,153 कोटी रुपये सुचवले. त्यात केंद्राचा वाटा 1,22,601 कोटी. बहुतेक राज्यांत केंद्राचे 75 आणि राज्याचे 25, तर ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांत 90 आणि 10. महत्त्वाची आहे ती आतली विभागणी. शंभर रुपये धरले तर 40 प्रत्यक्ष मदतीला, 30 पुनर्बांधणीला, 10 तयारी आणि क्षमताबांधणीला, आणि 20 सौम्यीकरणाला. पहिले तीन कप्पे प्रतिसाद निधीचे, चौथा निधी स्वतंत्र. प्रतिसाद निधीच्या तीन कप्प्यांत थोडं इकडचं तिकडे करायला मुभा आहे, पण सौम्यीकरणाचा पैसा मदतीकडे वळवायचा नाही, असं आयोगाने स्पष्ट सांगितलं.

महाराष्ट्रापुरतं बघू. याच आयोगाने 2020-21 या एका वर्षासाठी आधी एक अहवाल दिला होता, त्यात विभागणी हीच होती. महाराष्ट्राचा आकडा होता 4,296 कोटी, देशात सर्वांत मोठा. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे तयारीचा भाग, जवळपास 430 कोटी होतो. जिल्हे 36. नुसता भागाकार केला तर एका जिल्ह्यामागे एका वर्षाला बारा कोटी. सौम्यीकरणाचे आणखी चोवीस कोटीच्या घरात. असा सरसकट भागाकार करून पैसे वाटले जात नाहीत, हे लक्षात ठेवा. आकाराचा अंदाज यावा म्हणून हा हिशोब केला. तहसीलदार कार्यालयाच्या कपाटात चार दोर, दोन टॉर्च आणि एक बंद पडलेला मेगाफोन बघितला की हा अंदाज जास्त बोचतो.

मग हा पैसा गावापर्यंत का पोचत नाही? इथे आजच्या विषयाचा गाभा आहे.

मदतीच्या पैशाला घटना लागते. पाऊस पडला, पंचनामा झाला, तक्ता तयार आहे, गुणाकार करा आणि वाटा. तयारीच्या पैशाला आराखडा लागतो. कोणी तरी आधी लिहावं लागतं की धोका नेमका कुठे आहे, कोणाला आहे, काय केलं तर कमी होईल आणि त्याला किती लागेल. जे लिहिलेलं नाही त्याला पैसा नाही.

याचं सर्वांत कडू उदाहरण इरशाळवाडी. रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातली ठाकूर समाजाची ही वाडी. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं बेपत्ताच राहिली. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रं चढवता आली नाहीत, माणसांनी फावड्यांनी माती उपसली. दुसऱ्या दिवशी सरकारने सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ते वाक्य अनेकांना बचावासारखं वाटलं. आम्हाला ते निदान वाटतं. यादीत नाव नाही म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत नाव नाही, स्थलांतराच्या नियोजनात नाव नाही, कोणत्याही प्रस्तावात नाव नाही. 2014 मध्ये माळीण झालं, 2021 मध्ये महाडजवळचं तळिये झालं, आणि तरीही यादी पूर्ण झालेली नव्हती.

यादी करायला फार पैसे लागत नाहीत. माणसं लागतात, हिंडावं लागतं, भूवैज्ञानिकाला वर चढवावं लागतं आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारावं लागतं की झरा कधीपासून गढूळ येतोय. हेच तयारीचं काम आहे आणि दहा टक्क्यांचा कप्पा अशाच कामांसाठी आहे: प्रशिक्षण, नियंत्रण कक्ष, साधनं, राज्य प्राधिकरणाची आणि प्रशिक्षण संस्थांची ताकद वाढवणं. पण जिल्ह्यात हे करायला कोण आहे? आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याचं पद बऱ्याच ठिकाणी कंत्राटी. एक माणूस, एक संगणक, आणि निवडणूक आली की तोही तिकडे.

सौम्यीकरणाच्या पैशाबद्दल एक गैरसमज दूर करू. मोठी धरणं, समुद्रभिंती, नदीकाठची लांबलचक तटबंदी यासाठी तो नाही. आयोगाने स्वच्छ लिहिलं आहे की अशी मोठी कामं नेहमीच्या विकास योजनांतून करा. हा निधी स्थानिक, लोकांच्या सहभागाने होणाऱ्या छोट्या कामांसाठी आहे. म्हणजे खरं तर तो गावांसाठीच आहे! पण गावाकडून प्रस्ताव जातो तो असा: "पूरनियंत्रणासाठी भरीव निधी मिळावा." या वाक्यावर कोणताही अधिकारी काहीही करू शकत नाही.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी 43 फूट, इशाऱ्याची 39. सांगलीत आयर्विन पुलाची धोक्याची 45, इशाऱ्याची 40. तिथल्या लोकांना हे आकडे तोंडपाठ असतात. पण त्यांना याच्याही पुढचं माहीत असतं: बंधाऱ्याला इतके फूट झालं की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, आणखी दोन फूट वाढलं की अमुक रस्ता बंद. आराखड्याला नेमकी हीच माहिती हवी असते, आणि ती मंत्रालयात नसते, गल्लीत असते. समजा प्रस्ताव असा लिहिला: पुलाजवळ पाणी इतके फूट झालं की आमच्या तीन वस्त्यांचा रस्ता तुटतो, तिथे इतकी घरं, इतकी अंथरुणाला खिळलेली माणसं, इतकी जनावरं, एक यांत्रिक बोट, पन्नास जीवरक्षक जाकिटं आणि ती चालवायला सहा तरुणांचं प्रशिक्षण पाहिजे. आता हा प्रस्ताव तपासता येतो, त्याला खर्च लावता येतो, आणि नाकारला तर का नाकारला हे विचारताही येतं.

बोटीचं उदाहरण मुद्दाम घेतलं. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून बाहेर निघणाऱ्या लोकांची बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. जे बुडाले ते आपत्तीतून सुटण्याच्या वाटेवर होते.

हे जमतं का कुठे? ओडिशात जमलं. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याच वर्षी त्यांनी स्वतःचं राज्य आपत्ती प्राधिकरण उभं केलं, देशाचा कायदा यायच्या सहा वर्षं आधी. किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले, एरवी तिथे शाळा भरते, देखभालीला गावची समिती. 2013 मध्ये फायलिन वादळ आलं तेव्हा जवळपास दहा लाख माणसं आधीच हलवली गेली, आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. या निवाऱ्यांना पैसा राज्याचा होता, केंद्राचा होता, जागतिक बँकेचं कर्ज होतं. पैसे आले तेव्हा कुठे बांधायचं याचं उत्तर तयार होतं. त्यांनी हे जमवलं ते मुख्यतः समुद्रावरून येणाऱ्या शत्रूसाठी. आपल्याकडे दुष्काळ, दरड, पूर, भूकंप सगळंच आहे, त्यामुळे तुलना एका मर्यादेपर्यंतच करावी.

आता कामाचं. कायद्याच्या कलम 31 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असलाच पाहिजे आणि दरवर्षी त्याचा आढावा घेतला गेला पाहिजे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. बऱ्याच जिल्ह्यांचा आराखडा संकेतस्थळावर असतो. उघडा. सुरुवातीची भूगोलाची पानं सोडून द्या, जिल्ह्याचं क्षेत्रफळ आपल्याला माहीत आहे. आधी धोक्याच्या गावांची यादी बघा आणि त्यात आपलं गाव, आपली वाडी शोधा. मग फोन नंबरांची यादी घ्या आणि त्यातले चार नंबर लावून बघा. आम्ही हा प्रयोग करतो तेव्हा बदली होऊन गेलेले साहेब हमखास भेटतात, एकदा तर निवृत्त होऊन शेती करणारे भेटले. शेवटी निधीचं प्रकरण वाचा. बहुतेक वेळा ते सर्वांत छोटं असतं आणि त्यात कायद्याची कलमं असतात, रकमा नसतात.

गाव यादीत नसेल तर ग्रामसभेचा ठराव करा, तहसीलदारांमार्फत जिल्हा प्राधिकरणाकडे द्या आणि पोच घ्या. वेळ महत्त्वाची. मे महिन्यातल्या मान्सूनपूर्व बैठकीत मागणी केली तर फक्त नोंद होते. हिवाळ्यात केली तर पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात जायची शक्यता असते.

एक प्रश्न आला आहे, तो घेऊन थांबू. "आम्ही शहरात राहतो, आमचं काय?" पंधराव्या आयोगाने सात शहरांसाठी शहरी पुराकरता 2,500 कोटी वेगळे ठेवले होते, त्यात मुंबईला 500 आणि पुण्याला 250. शिवाय 2025 च्या कायदा दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेली शहरं यांच्यासाठी वेगळं शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण करायची तरतूद आली आहे. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. तेव्हा शहरवाल्यांनी आपल्या महापालिकेला दोन गोष्टी विचाराव्यात: हे प्राधिकरण स्थापन झालं का, आणि आमच्या प्रभागात पाणी तुंबण्याच्या जागा त्याच्या आराखड्यात आहेत का. उत्तरं आली की आमच्याकडे पाठवा, पुढच्या वेळी ती समोर ठेवूनच बोलू.